पुण्याच्या पेठेत जाऊ, आपला माल आपण घेऊ



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. पापडाच्या पिशव्या, राख्यांचे मणी, परकराची लेस, कुरडयांचे डबे, सगळा माल आपण तालुक्याच्या दुकानातून घेतो. दुकानदार तो पुण्याहून आणतो. मग आपणच पुण्याला जाऊन का आणू नये? प्रश्न बरोबर आहे. पण लगेच दुसरी ताई म्हणते, “एवढ्या मोठ्या पुण्यात जायचं कुठं? हरवलो तर?” आणि विषय तिथंच थांबतो.

म्हणून आजच्या गप्पा पुण्याच्या जुन्या पेठांबद्दल. पुणं आता चारी बाजूंनी पसरलं आहे, पण आपल्या गटाला लागणारा बहुतेक माल स्वारगेट आणि शनिवारवाडा यांच्या मधल्या भागात मिळतो. हे अंतर साधारण अडीच-तीन किलोमीटरचं. शेतातून घरी चालत येणाऱ्या बाईला ते काही जास्त नाही. हा एवढा भाग डोक्यात बसला की पुणं मोठं वाटत नाही.

पेठ म्हणजे काय?

पेठ म्हणजे बाजाराची वस्ती. कसबा ही सगळ्यांत जुनी. बाकीच्या पुष्कळ पेठांना वारांची नावं आहेत: शनिवार, रविवार, सोमवार, बुधवार, शुक्रवार. नाव रविवार पेठ म्हणून बाजार फक्त रविवारी भरतो असं मात्र नाही. तिथली दुकानं आठवडाभर चालतात.

जुन्या पुण्याची रीत अशी की एका धंद्याची दुकानं एका आळीत. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची तांबट आळी कसबा पेठेत. बांबूच्या टोपल्या-सुपांची बुरुड आळी. पुस्तकं आणि शाळेचं साहित्य अप्पा बळवंत चौकात. विजेचं सामान बुधवार पेठेत. साड्या आणि सोनं लक्ष्मी रस्त्यावर. घाऊक माल रविवार पेठेत आणि बोहरी आळीत. ही रीत आपल्या फायद्याची आहे. एकाच आळीत दहा दुकानं एकाच मालाची असली की भाव विचारायला गावभर फिरावं लागत नाही. पहिल्या तीन दुकानांत नुसतं विचारायचं आणि चौथ्या दुकानात बोलणी करायची.

पत्ता विचारायची पद्धतही लक्षात ठेवा. पेठेत खुणा देवांच्या नावानं सांगतात, आणि नावंही गमतीची. जिथं सोन्याचा बाजार तिथला सोन्या मारुती. जिथं पूर्वी पासोड्या विकायला बसायचे तिथला पासोड्या विठोबा. मंडईजवळचा जिलब्या मारुती. गणेश पेठेतला डुल्या मारुती. तुम्ही “सोन्या मारुती चौक कुठं?” असं विचारलंत तर कुणीही हात करून दाखवेल.

पोचायचं कसं?

सासवड, जेजुरी, भोर, बारामती, सातारा या बाजूची एसटी स्वारगेटला येते. जुन्नर, नारायणगाव, नाशिक या बाजूच्या गाड्या पूर्वी शिवाजीनगरला यायच्या. मेट्रोच्या कामामुळे 2019 च्या अखेरीस ते स्थानक वाकडेवाडीला हलवलं, त्यामुळे निघण्याआधी गाडी नेमकी कुठं थांबते ते कंडक्टरला विचारून घ्या. एसटीत बायकांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षांच्या पुढच्या आजींना प्रवास मोफत. आधारकार्ड जवळ असू द्या.

29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालची मेट्रो सुरू झाली आहे. स्वारगेटला बसलं की पुढचंच स्थानक मंडई, त्यानंतर कसबा पेठ. शिवाजीनगरकडून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालय, मग कसबा पेठ, मग मंडई. रेल्वेनं येणाऱ्यांनी पुणे स्टेशनला मेट्रो पकडावी आणि जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी. सरकत्या जिन्याची भीती वाटली तर प्रत्येक स्थानकात लिफ्ट असते. पहिल्यांदा सरकत्या जिन्यावर चढताना पदर आणि साडीच्या निऱ्या वर धरा, पाय पट्टीच्या मधोमध ठेवा.

बसनं किंवा रिक्षानं फिरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या भागातून दोन मोठे रस्ते शेजारी शेजारी जातात आणि दोन्ही एकेरी आहेत. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जाणारी वाहनं बाजीराव रस्त्यानं जातात. शनिवारवाड्याकडून स्वारगेटला परतणारी शिवाजी रस्त्यानं येतात. म्हणजे सकाळी ज्या थांब्यावर उतरलात, तिथं संध्याकाळी परतीच्या बसची वाट बघत बसलात तर बस येणारच नाही. परतीसाठी शिवाजी रस्त्यावर यायचं. नव्या माणसाचा इथंच गोंधळ होतो. रिक्षात बसताना “मीटर टाका” असं आधीच सांगावं.

आधी पाहणं, मग घेणं

पेठेतली बरीच दुकानं साडेदहा-अकराच्या पुढे उघडतात, काही दुपारी दोन-तीन तास बंद असतात, आणि सोमवारी सुट्टी घ्यायची पद्धत पुष्कळ दुकानांत आहे. त्यामुळे सोमवार टाळा. सकाळी लवकर पोचलात तर तो वेळ पाहण्यासाठी ठेवा. हात मोकळे असतात तेव्हा फिरावं, ओझं झालं की घरची वाट धरावी.

पाहण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्या मते बायकांच्या गटानं सगळ्यांत आधी गंज पेठेतल्या फुले वाड्यात जावं. या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. जोतीराव आणि सावित्रीबाई इथं राहिले. अंगणात एक हौद आहे. ज्यांना गावात कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं, त्यांच्यासाठी जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हा हौद खुला केला. आपल्यातल्या प्रत्येकीला पाण्याची किंमत माहीत आहे, त्यामुळे त्या हौदाशी उभं राहिल्यावर जास्त काही सांगावं लागत नाही. जोतीरावांची समाधीही इथंच आहे. मुलींना बरोबर आणणार असाल तर इथं अर्धा तास जास्त ठेवा.

तिथून मंडई जवळ आहे. दगडी बांधकाम, मधे उंच मनोरा आणि चारी अंगांना फुटलेले आठ हात. ही इमारत 1886 साली झाली. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणायचे, आता ती महात्मा फुले मंडई आहे. यातली गंमत ऐका. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणावर घालावा असं त्यांचं म्हणणं होतं. गटाचा पैसा कुठं घालायचा यावर आपल्यात वाद होतात तेव्हा ही गोष्ट आठवावी. विरोधात बोलणारा माणूस नेहमी वाईट बोलत नसतो.

मंडईतून शिवाजी रस्त्यानं सरळ पुढे गेलं की बेलबाग चौकात लक्ष्मी रस्ता आडवा येतो. तो ओलांडून थोडं पुढे दगडूशेठ हलवाई गणपतीचं मंदिर. दर्शनाला सगळेच थांबतात. दर्शन झालं की समोर बघा. तिथं भिडे वाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. जुना वाडा फार मोडकळीला आला होता. कोर्टात बरीच वर्षं खटला चालला आणि 2023 च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी तो उतरवला. त्यामुळे जुनी इमारत दिसणार नाही. तरीही जागा बघून घ्या. आज आपण गटाच्या वहीवर सही करतो, पासबुक वाचतो, ते या रस्त्यावरून शेण-मातीचा मार खात शाळेत गेलेल्या बाईमुळे.

आणखी पुढे गेलं की लाल महाल आणि शनिवारवाडा. लाल महालात शिवाजीराजांचं बालपण गेलं. उजाड झालेलं पुणं जिजाऊंनी पुन्हा वसवलं, सोन्याचा नांगर फिरवला, असं परंपरेनं सांगतात. आजची इमारत महानगरपालिकेनं अलीकडे बांधलेली आहे, मूळ वाडा राहिलेला नाही. तिथून जवळच कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत आणि गणेशोत्सवातला पहिला मानाचा गणपती. शनिवारवाडा पहिल्या बाजीरावांनी 1730 साली बांधायला घेतला. 1828 च्या आगीत आतला वाडा जळाला. आता तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती उरली आहेत. वेळ कमी असेल तर दिल्ली दरवाजा बाहेरूनच बघून परत फिरलं तरी चालेल.

वेळ हाताशी असेल तर शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर यांनी जन्मभर गावोगाव फिरून घराघरातल्या वस्तू जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथं तलवारी-मुकुटांपेक्षा अडकित्ते, दिवे, वजऱ्या, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडी जास्त आहेत. आपल्या आजीनं मोडीत घातलेली वस्तू तिथं काचेच्या कपाटात मानानं ठेवलेली दिसते. गोधड्या, भरतकाम, मातीकाम करणाऱ्या गटांना तिथं नवे नमुने सुचतील.

आता खरेदी

खरेदीला रविवार पेठ आणि बोहरी आळी. सोन्या मारुती चौकाच्या आसपास ही सगळी वस्ती आहे. इथं पॅकिंगच्या पिशव्या, डबे, चिकटपट्ट्या, पिशवी बंद करायचं सीलिंग मशीन, मणी, मोती, लेस, राखीचं सामान, दिवाळीचं सजावटीचं सामान घाऊक भावानं मिळतं. कापडाचे ठोक व्यापारीही याच पेठेत कापडगंजला आहेत.

घाऊक दुकानात बोलायची भाषा थोडी वेगळी. एका नगाचा भाव विचारला की ते किरकोळ गिऱ्हाईक समजतात. डझनाचा किंवा ग्रोसचा भाव विचारावा. एक ग्रोस म्हणजे बारा डझन, 144 नग. “बचत गटासाठी घेतोय, परत येणार आहोत” असंही सांगावं. पहिल्या खेपेला सगळा माल उचलू नका. थोडा नमुना घ्या, घरी वापरून बघा. खाण्याच्या पदार्थासाठी पिशवी घ्यायची असेल तर ती खाद्यपदार्थांसाठीच बनवलेली आहे का हे स्पष्ट विचारा. स्वस्त मिळाली म्हणून कसलीही पिशवी घेतली तर पापडाला वास लागतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

पक्कं बिल मागा, तेही गटाच्या नावानं. “बिलाशिवाय घेतलं तर दहा रुपये कमी” असं कुणी म्हणालं तरी बिल सोडू नका. ते बिल नसेल तर पुढच्या बैठकीत हिशेब काय दाखवणार? आणि माल खराब निघाला तर बदलून कशाच्या जोरावर मागणार?

तुळशीबाग शेवटी ठेवा. मंडई आणि लक्ष्मी रस्ता यांच्या मधे पेशव्यांच्या काळातलं राममंदिर आहे आणि भोवती बाजार. बांगड्या, टिकल्या, पूजेचं सामान, पितळी भांडी, पोरींची भातुकली, काय नाही ते विचारा. हा बाजार किरकोळीचा आणि घासाघीस करायचा. पण गटाच्या मालासाठी नव्हे, स्वतःसाठी. गटाच्या पैशाचं पाकीट वेगळं ठेवा आणि स्वतःचं वेगळं. तुळशीबागेत गेल्यावर पाकिटं एक होतात, हे आम्ही कित्येक गटांत पाहिलं आहे.

जाणं परवडतं का?

आता मुख्य मुद्दा. पुण्याला जाऊन माल स्वस्त मिळतो, पण जाण्या-येण्यालाही पैसे लागतात. हिशेब आधी मांडायचा.

समजा, पिशव्या तालुक्याला 260 रुपये किलो आहेत आणि पेठेत 200 रुपये. किलोमागे 60 रुपये वाचले. दोघी गेल्या. एसटी, रिक्षा, चहा-जेवण मिळून दोघींचे 400 रुपये झाले. 400 भागिले 60, म्हणजे सात किलोपर्यंत फायदा काहीच नाही. बहुतेक जणी हिशेब इथंच थांबवतात.

पण दोघींचा दिवस गेला, त्याचं काय? त्या दिवशी दोघी कामाला गेल्या असत्या तर समजा 300-300 रुपये मिळाले असते. ते 600 धरले की खर्च 1000 झाला. आता 17 किलो माल घेतला तरच जाणं अंगाशी येत नाही. पाच किलोसाठी पुण्याला जाणं म्हणजे तोट्यात जाणं.

आपल्या दिवसाची किंमत शून्य धरायची सवय आपल्याला घरातूनच लागलेली असते. पहाटेपासून राबायचं आणि विचारलं तर “काही करत नाही, घरीच असते” म्हणायचं. गटाच्या हिशेबात तरी तसं करू नका. खरेदीला गेलेल्या बायकांचा दिवस खर्चात लिहा. मग आपोआप दिसेल की एका गटानं दर महिन्याला जाण्यापेक्षा गावातल्या चार गटांनी मिळून तीन महिन्यांतून एकदा जावं. चौघींचा खर्च चार गटांत वाटला जातो आणि माल जास्त घेतल्यानं भावही उतरतो. राखीचं सामान घ्यायचं तर सणाच्या तोंडावर नको, दोन-तीन महिने आधीच घ्या. गणेशोत्सवात मात्र खरेदीला जाऊ नका. गर्दी फार असते आणि रस्ते बंद असतात.

जाण्याआधी बैठकीत ठराव लिहा: कोण जाणार, काय आणणार, किती रुपयांपर्यंत. जाताना दोघींपेक्षा कमी नको, आणि दर खेपेला त्यातली एक नवी असावी. नाहीतर वाट एकटीलाच माहीत राहते आणि गट तिच्यावर अवलंबून राहतो.

काही गोष्टी उघड बोलूया

पहिली गोष्ट लघवीची. बाहेर जायचं म्हणून आपण सकाळपासून पाणी पीत नाही. मग डोकं दुखतं, उन्हाळी लागते. असं करू नका. एसटी स्थानक सोडताना, मेट्रो स्थानकात, जेवायला बसाल त्या हॉटेलात, संग्रहालयात, जिथं सोय दिसेल तिथं जाऊन यायचं. बाजाराच्या गल्लीत शिरल्यावर सोय शोधणं कठीण. पाळीचे दिवस असतील तर पिशवीत पॅड आणि जुना कागद असू द्या.

दुसरी गोष्ट पैशांची. सगळी रोकड एकीकडे नको. दोघींत वाटून, आतल्या कप्प्यात. मंडई आणि तुळशीबागेत गर्दीत पाकीट मारलं जातं, मंगळसूत्र पदराखाली घ्या. फोनवरून पैसे दिले तर दुकानदाराच्या फोनवर आल्याचं दाखवून मगच निघा. चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवा. मंडई मेट्रो स्थानकाचं दार ही सोपी खूण. अडचण आली तर 112 लावा.

तिसरी गोष्ट बुधवार पेठेची. या पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्रय चालतो, म्हणून घरची माणसं नाव ऐकूनच हसतात किंवा जाऊ नको म्हणतात. दगडूशेठचं मंदिर, जोगेश्वरी, भिडे वाड्याची जागा हे सगळं बुधवार पेठेतच आहे आणि दिवसभर तिथं बायका-पोरांची वर्दळ असते. घरी हे नीट सांगा. आणि वाटेत त्या बायका दिसल्या तर टक लावून बघू नका, फोटो काढू नका, नावं ठेवू नका. त्यांचीही लेकरं आहेत, त्यांनाही घर चालवायचं आहे.

जेवणाचं म्हणाल तर पेठेत मिसळ, थालीपीठ, साधी राइसप्लेट कुठंही मिळते. भाव फलकावर वाचून बसा. भाकरी बांधून आणलीत तर उत्तमच. उन्हाचे दिवस असतील तर पुण्याची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध, दोघींत एक घ्या. एकीला जड होते. घरच्यांसाठी बाकरवडी घ्या.

परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते सकाळी उतरल्यावरच विचारा आणि तिच्या आधीची गाडी धरा. प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा मजबूत कापडी पिशव्या आणि एक चादर घरूनच न्या. बोचकं बांधायला चादर बरी पडते. ओझं फार झालं तर पेठेत हमाल असतात, पैसे आधी ठरवावेत.

घरी आल्यावर काम संपलं असं नाही. पुढच्या बैठकीत बिलं सगळ्यांपुढे ठेवा, भावाची वही करा. कुठल्या आळीत, कुठल्या तारखेला, काय भाव मिळाला ते तिच्यात लिहा. वर्षभरात ती वही गटाची पुंजी होईल. पुढच्या खेपेला जाणारी नवी ताई ती वही हातात घेऊन जाईल, आणि तालुक्याच्या दुकानात बसूनसुद्धा तुम्हाला कळेल की सांगितलेला भाव रास्त आहे की नाही. कधीकधी तर नुसती वही दाखवली की तिथलाच भाव खाली येतो आणि पुण्याला जायची गरजही उरत नाही.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. चार गट मिळून यादी करा, दिवसाची मजुरी धरून हिशेब मांडा, आणि परवडत असेल तर तारीख ठरवा. सोमवार सोडून!